दुर्मिळ मोटारींची पारख

हैदराबादेच्या जुन्या शहरात, चारमिनारपासून फार दूर नसलेल्या चौमहल्ला राजवाड्यात एक पिवळी मोटार ठेवलेली आहे. राजवाडा पाहावयास आलेली मंडळी तिच्यापुढे हटकून थांबतात. तिच्या छपरावर घुमट आहे आणि मागील बाजूस सिंहासनासारखे उंच आसन आहे. बहुतेकांची नजर त्या थाटावरच खिळते. एखादाच प्रेक्षक खाली वाकून चाकांकडे, यंत्राच्या झाकणाकडे आणि दाराच्या उंबऱ्याकडे पाहतो. त्याला थाटाशी कर्तव्य नसते; ही गाडी खरोखर तीच आहे काय, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. दुर्मिळ मोटारींच्या शौकात पहिली विद्या ती हीच, आणि परदेशातून मोटार आणणाऱ्याला ती अवगत नसेल तर त्याचे पैसे बुडतात, प्रसंगी गाडीही जाते.

ही सिंहासन-मोटार सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी १९११ साली मागविण्यात आली. ती हैदराबादेस पोहोचण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, त्यांचे निधन झाले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे ती गेली, परंतु त्यांनी ती इतकी बेताने वापरली की १९४७ पर्यंत तिची एकंदर दौड साडेतीनशे मैलांच्या आसपासच झाली होती असे सांगतात. हैदराबादेहून परभणीला जाऊन परत येण्याइतकेही हे अंतर भरत नाही. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, पण तेथील कोणा खेडुताच्या दृष्टीस ही मोटार कधी पडली असेल असे वाटत नाही.

तिच्याकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ती रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ आहे, पण रोल्स-रॉइसने तिचा सांगाडा, यंत्र आणि चाके एवढेच बनविले. वरचा सारा डोलारा लंडनच्या बार्कर कंपनीचा. त्या काळी मोठ्या मोटारींचा व्यवहार असाच चाले. गिऱ्हाईक एका कारखान्यातून उघडा सांगाडा विकत घेई आणि गाड्यांची अंगे बनविणाऱ्या दुसऱ्या कारागिराकडे तो पाठवी. पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बनविणारीच ही घराणी. त्यामुळे १९०६ ते १९२६ या वीस वर्षांत ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीचे पावणेआठ हजारांहून अधिक सांगाडे बाहेर पडले, तरी दोन गाड्या तंतोतंत सारख्या मिळणे कठीण. जुन्या मोटारीची दुर्मिळता कारखान्याच्या नावावरून ठरत नाही. कोणत्या सांगाड्यावर कोणत्या कारागिराचे अंग कोणासाठी चढले, यावरून ती ठरते. यामुळेच फसवणुकीलाही वाव मिळतो. सांगाडा अस्सल पण अंग कालपरवाचे, किंवा अंग जुने पण खालचे यंत्र भलत्याच गाडीचे, असे प्रकार जगभर घडत आले आहेत.

संस्थानिकांचा शौक केवळ मिरवणुकीच्या गाड्यांपुरता होता असे मात्र नाही. वेगाच्या गाड्याही त्यांनी मागविल्या, आणि त्याचे मराठी माणसाला जवळचे उदाहरण इंदूरचे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३६ साली एक ड्युसेनबर्ग करवून घेतली. तिचा सांगाडा अमेरिकेचा, अंग लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीचे, आणि मालक माळव्यातला. पुढच्याच वर्षी ड्युसेनबर्गचा कारखाना बंद पडला. होळकरांची ती लांबसडक, दोन माणसांची गाडी पुढे भारताबाहेर गेली. आज तिचे नाव निघते ते परदेशातील संग्राहकांच्या तोंडी.

हैदराबादेतील पुष्कळशा गाड्यांच्या वाट्याला एवढेही भाग्य आले नाही. सातवे निजाम १९६७ मध्ये वारले. त्यानंतर वारसांचे कज्जे, कर आणि हजारो आश्रितांचा भार यांत किंग कोठीच्या आवारातील मोटारींकडे पाहावयास कोणाला सवड नव्हती. त्यांचे उत्तराधिकारी मुकर्रम जाह यांना यंत्रांची मनापासून आवड होती. पण ते ऑस्ट्रेलियात जाऊन राहिले. मोटार उघड्यावर दोन-चार पावसाळे राहिली की तिचा पत्रा जातो, लाकडी चौकट कुजते, कातडे उंदीर खातात. याहून मोठे नुकसान असे की तिची कागदपत्रे हरवतात. पत्रा पुन्हा ठोकता येतो. कारखान्याची मूळ पावती आणि नोंदणीचा दाखला पुन्हा तयार करता येत नाही. केलाच, तर तो बनावट ठरतो. चौमहल्ल्याचे जीर्णोद्धारकार्य होऊन २००५ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला आणि सिंहासन-मोटारीचीही दुरुस्ती होऊन ती तेथे ठेवण्यात आली, हे हैदराबादचे सुदैवच म्हटले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींचा ओघ आटला. परकीय चलन जपून वापरावयाचे आणि देशी कारखान्यांना संरक्षण द्यावयाचे, असे सरकारी धोरण ठरले. फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी १९५४ च्या सुमारास येथील आपली जुळणीची कामे गुंडाळली. पुढे कित्येक वर्षे परदेशी गाडी मिळण्याचा एक राजमार्ग म्हणजे वकिलातींच्या वापरातून सुटलेल्या मोटारी. त्या सरकारच्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात. त्या काळातील एखादी विलायती स्पोर्ट्स मोटार आज कोठे आढळली, तर ती कोणत्या वाटेने देशात शिरली याचा कागद विचारणे हेच शहाणपणाचे. अशा वाटा मोजक्याच होत्या.

आता पारखीचा प्रत्यक्ष विचार करू. १९८१ पासून जगातील बहुतेक मोटारींना सतरा चिन्हांचा एक ओळख-क्रमांक असतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव एकदा चढले की ते त्याच्याबरोबर जन्मभर राहते. तसाच हा क्रमांक. त्यात आकडे आणि रोमन अक्षरे असतात, पण आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे नसतात, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात. एखाद्या गाडीच्या क्रमांकात ‘ओ’ दिसला तर तेथेच थांबावे. पहिली तीन चिन्हे देश आणि कारखाना सांगतात. झेड-एफ-एफ असेल तर इटलीची फेरारी, झेड-एच-डब्ल्यू असेल तर लॅम्बोर्गिनी, डब्ल्यू-पी-शून्य असेल तर जर्मनीची पोर्शे, एस-बी-एम असेल तर इंग्लंडची मॅक्लारेन. जपानच्या गाड्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. जपानच्या स्वतःच्या बाजारासाठी बनलेल्या मोटारीवर सतरा चिन्हे नसतात; जातीची खूण आणि तिच्यापुढे अनुक्रमांक, एवढा आखूड सांगाडा-क्रमांक असतो. निस्सानची ‘स्कायलाइन जीटी-आर’ ही तरुणांची लाडकी गाडी अशीच ओळखावी लागते. तिच्यावर सतरा चिन्हांचा क्रमांक कोणी दाखविला, तर दाखविणाऱ्याला दोन प्रश्न अधिक विचारावेत.

क्रमांक एका जागी पाहून भागत नाही. तो पुढल्या काचेखाली असतो, दाराच्या खांबावर असतो आणि सांगाड्यावर ठोकलेलाही असतो. तिन्ही जागी तो एकच हवा. शिवाय कारखान्याने ठोकलेली अक्षरे सारख्या खोलीची असतात. हाताने ठोकलेली वरखाली होतात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती बनविणाऱ्याची खूण असते व तीवरून वर्षाचा अंदाज येतो. आसनाच्या पट्ट्यांवरही चिठ्ठी शिवलेली असते. गाडी २००४ ची आणि पट्टे २०११ चे, असे निघाले तर तिला मधल्या काळात मोठा अपघात झाला असण्याचा संभव असतो.

यापलीकडे आणखी एक पारख आहे, ती रचनेची. मर्सिडीजची ‘३०० एसएल’ ही १९५४ ची गाडी पक्ष्याच्या पंखांसारख्या वर उघडणाऱ्या दारांसाठी प्रसिद्ध आहे. ती दारे नखऱ्यासाठी केलेली नाहीत. वजन हलके आणि सांगाडा ताठ राहावा म्हणून तिच्या कारागिरांनी बारीक नळ्यांची जाळी बनविली. ही जाळी बाजूंना इतकी उंच आली की नेहमीसारखे दार बसविण्यास जागाच उरली नाही; म्हणून बिजागऱ्या छपराला लावाव्या लागल्या. तेव्हा पंखाची दारे आहेत पण उंबरा नेहमीइतकाच खाली आहे, असे दिसले की ती नक्कल होय. अशा सुमारे १४०० बंद गाड्याच बनल्या. इंग्लंड-अमेरिकेच्या ‘कोब्रा’ मोटारीचा मासला याहूनही बोलका आहे. मूळ गाड्या हजाराच्या आसपास, आणि तिच्या नकला त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडे साध्या घरगुती मोटारीला फेरारीचे लाल अंग चढवून देणारे कारागीरही आहेत. त्यांच्या हस्तकौशल्याचे कौतुक करावे, परंतु गाडीच्या मागील जाळीतून आत डोकावावे. मध्यभागी इंजिन असलेल्या जातीची म्हणून दाखविलेली गाडी, आणि इंजिन मात्र पुढच्या झाकणाखाली घरघरते, असे आढळल्यास आणखी पुरावा लागत नाही.

पारख जमली तरी आयातीचा घाट चढावयाचा राहतोच. नवी मोटार ठराविक बंदरांतूनच आणता येते. ती पूर्वी कोठेही विकलेली किंवा नोंदलेली नसावी लागते, सुकाणू उजवीकडे असावे लागते, आणि आपल्याकडे रहदारी डावीकडून चालत असल्याने दिव्यांचा झोतही डाव्या कडेवर पडावा लागतो. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीची जपानी स्पोर्ट्स मोटार हौसेने आणू म्हणणाऱ्याला सामान्य वाट बंद आहे. फार जुन्या गाड्यांना मात्र सूट आहे. पूर्वी ती १ जानेवारी १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरतीच होती. २०२५ च्या आरंभी ती मर्यादा बदलून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना लागू करण्यात आली. मधल्या काळातील गाड्या, म्हणजे तीन वर्षांपेक्षा जुन्या आणि पन्नास वर्षांपेक्षा तरुण, या अधांतरी लोंबकळतात. शौकिनांचे सगळे दुःख नेमके याच गाड्यांविषयी असते.

आणि मग जकात. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर चाळीस हजार डॉलरांहून महाग नव्या मोटारीवर मूळ जकात आणि अधिभार मिळून शेकडा ११० असा आकार झाला. त्याच वर्षीच्या २२ सप्टेंबरपासून मोठ्या गाड्यांवर वस्तू व सेवा कर शेकडा ४० झाला, आणि तो जकात धरून होणाऱ्या रकमेवर लागतो. हा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहावा. गाडी बंदरावर एक कोटीची. तीवर जकात एक कोटी दहा लाख. झाले दोन कोटी दहा लाख. त्यावर शेकडा चाळीस म्हणजे चौऱ्याऐंशी लाख. गाडी पडली दोन कोटी चौऱ्याण्णव लाखांना, आणि त्यात रस्त्याचा कर अजून धरलेला नाही. आता एखाद्याने पावतीवर एक कोटीऐवजी पन्नास लाख लिहिले, तर सरकारचे किती बुडाले? सत्त्याण्णव लाख. लबाडीला मोह पडावा असा हा आकडा आहे.

जकातीच्या या भाराची चर्चा महाराष्ट्रात घरोघरी झाली ती सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीमुळे. कसोटीत डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये त्यांना ‘३६० मोडेना’ ही गाडी भेट मिळाली. तीवरील सुमारे एक कोटी तेरा लाखांची जकात सरकारने माफ केली, तेव्हा लोकांत कुरबूर झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. अखेर जकातीची रक्कम फियाट कंपनीने भरली. भेट दिलेली वस्तूही बंदरावर फुकट उतरत नाही, हे यानिमित्ताने पुष्कळांना कळले.

मे २०२५ मध्ये असे एक प्रकरण थेट हैदराबादेत उघड झाले. तेथील महागड्या मोटारींच्या एका व्यापाऱ्याला महसूल गुप्तचर संचालनालयाने अटक केली. गाड्या अमेरिका आणि जपानातून उचलून दुबई किंवा श्रीलंकेत नेल्या, डावीकडचे सुकाणू उजवीकडे बसविले आणि किंमत निम्म्याच्या आसपास दाखवून खोट्या कागदांवर भारतात आणल्या, असा आरोप त्या खात्याने केला. तत्पूर्वी २०२१ मध्ये परदेशी वकिलांच्या नावाने, जकातमाफीचा गैरफायदा घेऊन आलेल्या मोटारींचे प्रकरण त्याच खात्याने बाहेर काढले होते. न्यायालय काय ठरवील ते ठरवो. विकत घेणाऱ्याची अवस्था मात्र निकालापर्यंत थांबत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार खोटी माहिती देऊन आणलेला माल जप्तीस पात्र असतो, आणि तो दोन हात पुढे विकला गेला म्हणून शुद्ध होत नाही. तीन कोटी मोजून घेतलेली गाडी सरकारी आवारात धूळ खात पडते. मालक मग दंड भरून ती सोडविता येईल काय याचा वकील शोधत फिरतो.

सुकाणू बदललेली गाडी ओळखता येते. उजव्या सुकाणूसाठी मुळातच बनलेल्या मोटारीत बहुधा काच पुसणारे दांडेही चालकाच्या सोयीने उलट बाजूने फिरतात. बदललेल्या गाडीत ते पुष्कळदा जुन्याच दिशेने फिरत राहतात आणि चालकापुढचा कोपरा ओला ठेवतात. यंत्र आणि बैठक यांमधल्या पत्र्यावर, डाव्या बाजूस, बुजविलेल्या भोकाची जोडणी हाताला लागते. पुढील फळीचे दोन भाग जेथे मिळतात तेथील रेघ सरळ नसते. दिव्याचा झोत रात्री भिंतीवर टाकून पाहावा. तो उजवीकडे चढत असेल, तर दिवे परमुलखातलेच आहेत. आणि आरंभीचा ओळख-क्रमांक कारखान्याकडे पाठवून विचारावे, ही गाडी मुळात कोणत्या देशासाठी आणि कोणत्या सुकाणूची बनली? बहुतेक मोठे कारखाने उत्तर देतात. एवढे साधे पत्र लिहिण्याचा कंटाळा लोक करतात.

जुन्या मोटारींसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे लोटलेली आणि मूळ रूप राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये लागतात. तिच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांपाठोपाठ ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा भाड्याने चालविता येत नाही. प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, संशोधन, तेल भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणावयाची. नियमात मूळ सांगाडा, अंग आणि यंत्र यांवर भर आहे, तो योग्यच आहे. हौसेपोटी जुन्या मोटारीत नवे यंत्र घालणाऱ्यांनी हे आधी वाचलेले बरे.

रस्त्यावरच्या पाटीवरूनही बराच बोध होतो. हैदराबादेत ‘एपी’ अक्षरे असलेली गाडी २०१४ पूर्वी तेथे नोंदली गेली. त्यानंतर तेलंगणाचे ‘टीएस’ आले आणि मार्च २०२४ पासून ‘टीजी’. ही अक्षरे नोंदणीचे वय सांगतात, गाडीचे नव्हे. आणि या दोहोंतली तफावतच कित्येकदा कोडे उलगडते. या शहरात अशी कोडी सोडविणारी मुले पुष्कळ आहेत. रविवारी पहाटे बंजारा हिल्स व जुबिली हिल्सच्या चढांवर, गच्चीबावलीत किंवा १५८ किलोमीटर लांबीच्या बाह्य वळणमार्गाच्या तोंडाशी ती कॅमेरे घेऊन उभी राहतात. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवरच्या मोटारींची जागतिक शर्यत झाली, तेव्हा मुलांच्या या छंदाला उधाण आले होते. वडीलधाऱ्यांना तो रिकामटेकडेपणा वाटतो. परंतु अमुक क्रमांकाची अमुक रंगाची मोटार अमुक तारखेस अमुक चौकात दिसली, ही नोंद पुढे गाडीच्या इतिहासाचा पुरावा होऊ शकते. अपघातापूर्वी ती कशी होती, रंग केव्हा बदलला, पाटी केव्हा बदलली, हे विकणारा सांगत नाही. मुलाच्या वहीत ते असते. फक्त त्याने छायाचित्राखाली तारीख आणि जागा लिहावी, आणि रस्त्यात उभे न राहता पदपथावर उभे राहावे. मालकाच्या घराचा पत्ता मात्र त्या वहीत लिहू नये.